दारातलं मीटर

आमच्या डिंगोऱ्यात रेशमाच्या अळ्या पहिल्यांदा मी आणल्या. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते, आणि सांगताना माझा आवाज थोडा वर जातो, हे मला ठाऊक आहे. कांदा-टोमॅटो सोडून एकरभर तुती लावायची म्हटल्यावर घरात आठ दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नव्हतं. किडे पाळायचे म्हणजे काय, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या. शेवटी हे तयार झाले आणि विहिरीच्या वरच्या अंगाला पत्र्याची शेड उभी राहिली. मी तेव्हा पस्तिशीची होते. बारावी झालेली, दोन लेकरांची आई.

पहिली बॅच आणायच्या आधी रेशीम खात्याचे साहेब शेड बघायला आले. त्यांनी हातभर लांबीची एक लाकडी पाटी आणली होती. पाटीवर शेजारी शेजारी दोन काचेच्या नळ्या. एक उघडी होती. दुसरीच्या बुडाला पांढऱ्या सुती कापडाची वात गुंडाळलेली आणि वातीचं टोक खालच्या लहानशा बाटलीत, पाण्यात सोडलेलं. साहेबांनी पाटी माझ्या हातात दिली आणि किती दाखवतंय ते वाचा म्हणाले. मी काय केलं, तर पाटी मनगटातून दोनदा जोरात झटकली. घरी पोरांचा ताप बघायचा तर आधी थर्मामीटर झटकून पारा खाली उतरवायचा, ही सवय. बाटलीतलं पाणी साहेबांच्या शर्टावर उडालं.

ते रागावले नाहीत. शर्ट पुसत त्यांनी समजावून सांगितलं. तापाच्या थर्मामीटरमध्ये बुडाजवळ नळी एकदम अरुंद केलेली असते. पारा चढताना तिथून जातो, पण आपोआप परत येत नाही, म्हणून काखेतून काढल्यावरही ताप किती होता ते निवांत वाचता येतं आणि पुढच्या वेळी झटकावं लागतं. हवेच्या थर्मामीटरला असला अडथळा नसतो. तो हवेबरोबर वर जातो, हवेबरोबर खाली येतो, जागेवरच वाचायचा. दोन नळ्या कशाला, तर वातीतलं पाणी उडताना नळी गार होते. हवा जितकी कोरडी तितकं पाणी भरभर उडतं, तितकी ओली नळी खाली जाते. कोरड्या नळीतून ओली वजा करायची, पाटीच्या मागच्या तक्त्यात बघायचं, की हवेत दमटपणा किती ते कळतं. मोठ्या अळ्यांना ऊब पंचवीसच्या आसपास आणि दमटपणा पासष्ट ते सत्तर टक्के लागतो. कमी पडला तर पाला सुकतो, अळी उपाशी राहते. जास्त झाला तर रोग येतो. जाताना त्यांनी पाटी स्वतः लावून दिली. शेडच्या मधोमध, रॅकच्या उंचीला. दारात नको, खिडकीपाशी नको, ओल्या गोणपाटाजवळ तर मुळीच नको, नाहीतर ती शेडची हवा न सांगता त्या गोणपाटाची हवा सांगेल, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

दुसऱ्या वर्षी माझी एक बॅच बिघडली तेव्हाही साहेबच धावून आले होते. दोन नळ्यांत फरक फक्त एक अंशाचा दिसत होता, म्हणजे शेडमध्ये नव्वदच्या वर दमटपणा. मी खिडक्या उघड्या टाकल्या, ओल शोषायला चुना भुरभुरला, तरी अळ्या सुकतच चाललेल्या. साहेबांनी वातीला बोट लावलं. ती कडक झाली होती. बोअरच्या पाण्यातला क्षार बसून बसून तिची काडी झाली होती आणि पाणी वर चढतच नव्हतं, त्यामुळे ओली नळीही कोरडीसारखाच आकडा दाखवत होती. वात बदला आणि बाटलीत गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी घाला, त्यात क्षार नसतो, म्हणाले. तेव्हापासून आळेफाट्याला गेले की मी बॅटरीच्या पाण्याचा कॅन आणते. गॅरेजवाला विचारायचा, ताई, गाडी कोणती? मी सांगायचे, दोन नळ्यांची.

हे सगळं मी शिकले होते. कुणीतरी मला हाताला धरून शिकवलं होतं. पुढचं सांगायच्या आधी एवढं सांगायला हवं.

माझी धाकटी जाऊ अवसरी बुद्रुकची. बी.एस्सी. झालेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला शेताची सवय होती पण अळ्यांची किळस होती. पानं तोडायला यायची, शेडच्या उंबऱ्यावरून टोपली आत सरकवायची. मग एक दिवस आत आली. मग रोज यायला लागली. दोन वर्षं ती माझ्या हाताखाली शिकली, आणि तिसऱ्या वर्षी धाकट्या दिरांनी त्यांच्या वाटणीच्या तुकड्यात तुती लावून वेगळी शेड घातली. माझ्या शेडपासून पन्नास पावलांवर. मी नारळ फोडला. मनापासून फोडला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तिची पहिली बॅच पावसाळ्यात निघाली. कोष माझ्यापेक्षा टणक होते. दुसरी दिवाळीनंतर निघाली, तीही चांगली. मी कोष हातात घेऊन अंगठ्याने दाबून बघत होते, आणि तो दबावा असं मला वाटत होतं. तो दबला नाही. मी म्हणाले, छान झालेत. आणि कोष टोपलीत परत टाकला.

संक्रांतीच्या सुमारास धाकट्या दिरांनी तिला पुण्याहून डिजिटल मीटर आणून दिलं. तळहाताएवढा पांढरा डबा. वर मोठ्या आकड्यांत ऊब, खाली दमटपणा. वजाबाकी नाही, तक्ता नाही, वात नाही, बॅटरीचं पाणी नाही. शिवाय दिवसभरात सगळ्यात जास्त किती झालं आणि सगळ्यात कमी किती, तेही बटण दाबलं की दाखवायचं. माझ्या भावाच्या द्राक्षबागेत कमाल-किमानासाठी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकडी काचेची नळी होती. आत दोन बारीक काड्या असायच्या. पारा त्यांना ढकलून वर सोडून यायचा आणि भाऊ रोज सकाळी लोहचुंबकाने त्या खाली ओढायचा. एवढी यातायात त्या डब्यात एका बटणावर होती.

सासूबाईंना ते मीटर बघायला नेलं. त्यांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. त्या दारातच थांबल्या, मान वर केली आणि मोठ्याने वाचलं, "चोवीस. मला बी दिसतं की." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुझ्या त्या नळ्यांत मला कधी काही दिसलं नाही बाई. त्यांनी सहज म्हटलं होतं. मी त्या दिवशी जेवले नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

नळीतली पाऱ्याची रेघ दोऱ्याएवढी असते. ती वाचायला डोळा समोर सरळ आणावा लागतो, जरा वरून बघितलं तरी एखाद्या अंशाची चूक होते. सात-आठ वर्षं मी रोज चार वेळा ती वाचत होते, वहीत लिहीत होते, आणि घरात कुणालाच ते काम वाटलं नव्हतं. आता जावेच्या मीटरवर पंचवीस पूर्णांक चार असं दिसलं की लोक माना डोलवायचे. त्या टिंबानंतरच्या चारवर सगळ्यांचा भरवसा. ओतूरकडून, उदापूरकडून रेशीम बघायला माणसं यायची, ती आधी माझ्याकडे यायची. आता ती सरळ तिच्या शेडकडे वळायला लागली. बॅच चालू असताना बाहेरच्या माणसाला आत घेत नाहीत, पायाबरोबर रोग येतो म्हणून. तर हिने मीटर दाराच्या चौकटीला आतल्या बाजूने लावलं होतं. बाहेर उभं राहूनही वाचता यावं म्हणून.

दाराला लागूनच तिची पाला ठेवायची जागा होती. पाला ताजा राहावा म्हणून त्यावर ओली गोणपाटं टाकलेली असायची.

मी तेव्हा तो विचार केलाच नाही. माझ्या मनात एवढंच आलं की हिला मिरवायचंय. यांच्याजवळ मी त्या मीटरची नालस्ती करायला लागले. खेळणं आहे म्हणायचे. सेल संपला की बंद, काचेला सेल लागत नाही म्हणायचे. हे खरंही होतं, पण मी ते खरं आहे म्हणून बोलत नव्हते. जाऊ रोज दुपारी तिच्या चहाबरोबर माझा कप माझ्या शेडच्या दारात आणून ठेवायची, दोन मिनिटं उभी राहायची, तिच्याकडे किती अंश आहे ते सांगायची. मी कप घ्यायचे आणि माझा आकडा सांगायचे नाही.

महाशिवरात्रीच्या आधी, बॅच यायला चार दिवस असताना, मी बॅटरीचं पाणी आणायला आळेफाट्याला गेले. पाणी घेतलं आणि बस यायला वेळ होता म्हणून रस्त्यापलीकडच्या दुकानात शिरले. वजनकाटे, बॅटऱ्या, असल्या वस्तूंचं दुकान. शेठची तिसरी पिढी इथली. घरात मारवाडी बोलतात, गल्ल्यावर बसले की आमच्यासारखंच. त्यांनी विचारलं, काय दाखवू? मी म्हणाले, थर्मामीटर. कशाला पाहिजे ते सांगितलं नाही.

शेठनी तीन वस्तू काढल्या. एक तापाचा डिजिटल, टोकाला धातूची टोपी असलेला, काखेत धरला की मिनिटभराने पीं वाजतो. काच नाही, पारा नाही, फुटला तरी पोरांना धोका नाही, म्हणून आता हाच खपतो म्हणाले. दुसरी गन. कोरोनाच्या वेळी ग्रामपंचायतीत प्रत्येकाच्या कपाळावर धरायचे ती. मी ती हातात घेऊन दुकानाच्या भिंतीवर रोखली, मग बाहेर उभ्या असलेल्या ट्रकच्या बॉनेटवर रोखली. आकडा एकदम उडाला आणि नुसत्या रेघा दिसायला लागल्या.

शेठ हसले. "ताई, ही समोरच्या वस्तूची कातडी वाचते. त्यातून ही कपाळापुरती. हवा मोजायची आसंल तर हे घ्या." आणि त्यांनी तिसरं पुढे केलं. तोच पांढरा डबा. जावेचाच.

मी तो घेतला. पिशवीत तळाला घातला, वर बॅटरीच्या पाण्याचा कॅन ठेवला आणि बसमध्ये पिशवी मांडीवरून खाली उतरवली नाही. चोरून काही आणल्यासारखं वाटत होतं. माझ्याच पैशाची वस्तू होती. पण महिनाभर ज्याला खेळणं म्हणत होते तेच मी आणलं होतं, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. शेडमध्ये मधल्या रॅकच्या खालच्या कप्प्यात, पाटीच्या अगदी जवळ, पण उभ्या माणसाला दिसणार नाही असं मी ते टांगलं.

दोन दिवस मी दर तासाला वाकून बघत होते. काचेची कोरडी नळी तीस म्हणायची, डबा एकोणतीस पूर्णांक आठ. तक्त्यात पन्नास टक्के यायचे, डबा बावन्न दाखवायचा. कधी अर्ध्या अंशाचा फरक, कधी तेवढाही नाही. खोटं काय बोलू, मला वाईट वाटलं. ते चुकायला हवं होतं. एक फरक तेवढा होता. गोणपाट भिजवून आणलं की डब्यावरचा दमटपणा भराभर वर जायचा, माझी ओली नळी सावकाश सरकायची. घाईत असेल तर डबा बरा, हे मला मनात मान्य करावं लागलं.

बॅच आली. दोघींची एकाच दिवशी, एकाच चॉकी केंद्रातून. चॉकी म्हणजे दोनदा कात टाकलेल्या लहान अळ्या, त्या आम्ही विकत आणतो आणि पुढचे तीनेक आठवडे सांभाळतो. ऊन त्या वर्षी लवकर तापलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी मी जावेच्या शेडवरून जाताना दारातून तिचं मीटर वाचलं. सव्वीस अंश, शहात्तर टक्के. मी नुकतीच माझ्या शेडमधून आले होते. तिथे एकतीस आणि जेमतेम बेचाळीस. मी खिडक्यांना ओली गोणपाटं लावली होती, जमिनीवर पाणी मारत होते, तरी एवढंच. आणि हिच्याकडे पन्नास पावलांवर शहात्तर?

मी तिथे उभी राहिले. मीटरच्या खाली हातभर अंतरावर पाल्यावरची गोणपाटं होती, आताच भिजवलेली, पाणी निथळत होतं. मला कळलं. हे मीटर शेडची हवा सांगतच नव्हतं. माझी पाटी दोन वर्षं तिने मधेच टांगलेली बघितली होती, पण ती मधेच का, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात आणि थंडीत बाहेरच दमट होतं, तेव्हा हिच्या कोषांचं काही बिघडलं नाही. आधीच्या दोन बॅचना तर मीटर आलंच नव्हतं. आता बिघडणार होतं. शहात्तर बघून ती खिडक्या उघडणार, चुना टाकणार, म्हणजे मी दुसऱ्या वर्षी केलं होतं तेच करणार.

आत ती फांद्या पसरत होती. मला बघून तिने हात वर केला. मी एका वाक्यात सांगू शकले असते, की ते मधे लाव. माझ्या तोंडात शब्द तयार होते. मी पण हात वर केला आणि पुढे गेले.

उद्या सांगू, असं मी त्या दिवशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ अवसरीहून आला होता आणि ती त्याला दारातून मीटर दाखवत होती. तिसऱ्या दिवशी सासूबाई तिच्या शेडसमोर खाट टाकून बसल्या होत्या. प्रत्येक दिवशी मला काहीतरी सापडायचं. खरं म्हणजे मला बघायचं होतं. एकदा, एकदाच, हिचे कोष माझ्यापेक्षा हलके निघालेले मला बघायचे होते. बी.एस्सी.ला जे कळलं नाही ते मला कळलं, हे मी पदरात बांधून फिरत होते आणि ते कुणाला सांगायचं नव्हतं.

असे बारा दिवस गेले. रोज दुपारी तिचा चहा येत होता. ती सांगायची, ताई, आज पंच्याहत्तर आहे, जास्तच आहे, खिडक्या उघड्या ठेवल्यात. मी हूं म्हणायचे.

चौथी कात टाकून उठली की, पाचव्या अवस्थेत, अळी सगळ्यात जास्त खाते. तेव्हा शेडमध्ये नुसता पाऊस पडल्यासारखा कुरकुर आवाज येतो. माझ्या शेडमध्ये तो येत होता. त्या दुपारी जाऊ कप न घेता आली. बॅच चालू असताना एकमेकींच्या शेडमध्ये जायचं नाही, हा नियम मीच तिला शिकवला होता. तिने दारातल्या चुन्यात पाय दाबले आणि सरळ आत आली.

"ताई, माझ्या अळ्या खाईनात. पाला टाकला की तासाभरात सुकतोय. निम्म्या उठल्यात, निम्म्या अजून कात टाकत्यात. मीटर तर चौऱ्याहत्तर दाखवतंय. तुमच्याकडं किती हाय?"

मी पाटीकडे बोट दाखवलं. तिने डोळा समोर आणून दोन्ही नळ्या वाचल्या, मी शिकवलं होतं तसंच. तक्ता तिला पाठ आहे. चाळीस, ती पुटपुटली. मग पुन्हा वाचायला ती जरा वाकली, आणि तिला खालच्या कप्प्यातला पांढरा डबा दिसला.

ती थोडा वेळ दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिली.

"हे कधी आणलं?"

"शिवरात्रीच्या आधी."

"दोन्ही सारखंच दाखवत्यात."

"व्हय."

तिने उठून माझ्याकडे पाहिलं. ती हिशोब घालत होती हे मला दिसत होतं, आणि तो कुठे जाऊन थांबणार तेही. ती सावकाश म्हणाली, "मग माझं चुकतंय, हे तुमाला कवापासनं ठाव व्हतं?"

मी खोटं बोलू शकले असते. आत्ताच कळलं म्हटलं असतं तर तिला ते खोडता आलं नसतं. पण तिचा चेहरा बघून ते तोंडातून निघालं नाही. म्हणाले, "पयल्या आठवड्यापासनं."

ती रडली नाही, भांडली नाही. मागे वळली आणि गेली. मी पाटी खिळ्यावरून काढली, बाटली हिंदकळू नये म्हणून छातीशी धरली आणि तिच्या मागे पळाले. पन्नास पावलं. तिच्या शेडच्या मधोमध पाटी टांगली. तिने कोरडी नळी वाचली बत्तीस आणि ओली एकवीस, म्हणजे दमटपणा चाळिशीच्याही खाली. दोघींनी मिळून खिडक्या झाकल्या, त्यावर ओली पोती बांधली, जमिनीवर पाणी मारलं, वाळलेल्या फांद्या काढून ताज्या टाकल्या. दिरांना हाक मारून पत्र्यावर उसाचं पाचट टाकायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत आम्ही शेजारी शेजारी काम करत होतो आणि ती माझ्याशी फक्त कामाचं बोलत होती. तिकडची बादली द्या. हे धरा. एवढंच.

कोष निघाले तेव्हा माझी बॅच त्या वर्षातली सगळ्यात चांगली होती. तिची निम्म्याहून थोडी जास्त हाती लागली, तीही पातळ. हे मला म्हणाले, बघ, शेवटी तुझ्या काचेनंच जिंकलं. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, थोरलीचा हात पहिल्यापासून चांगला. ज्या शब्दांसाठी मी महिनोन्महिने झुरले होते ते सगळे शब्द मला त्या आठवड्यात मिळाले. माझ्याच्याने एकाही शब्दाला मान वर करवली नाही. जावेने घरात सांगितलं होतं, उन्हानं गेलं. दुसरं काही नाही. तिने माझं नाव घेतलं नाही. ती आज सांगेल, उद्या सांगेल म्हणून मी रोज वाट बघत होते.

शेवटी मीच यांना सांगितलं, अंगणात लसूण निवडताना. त्यांनी हातातला गड्डा खाली ठेवला. मग म्हणाले, मला काय सांगतेस, तिला सांग.

तुतीची छाटणी चालू होती तेव्हा मी तिच्या वावरात गेले. तिच्या ओळीशेजारची ओळ धरली. दहा-बारा झाडं छाटून झाल्यावर मी म्हणाले, माझं चुकलं, मला तुझा हेवा वाटत होता. तिने कात्री थांबवली नाही.

"मला कळत व्हतं ते. मला वाटायचं, ताई बोलत न्हाईत, थकल्या आसतील. मी रोज चा आणत व्हते ताई. कप घेताना तरी सांगायचं."

आम्ही ओळ पुरी केली. त्यानंतर दोनेक महिने माझ्या दारात चहाचा कप आला नाही, आणि तो यावा असं म्हणायचं तोंड मला नव्हतं.

तिची पुढची बॅच पावसाळ्यात पुन्हा माझ्यापेक्षा चांगली निघाली. तिने मीटर मधल्या रॅकला लावलं होतं आणि त्याच्या शेजारी एक काचेची पाटीही आणून टांगली होती. दोन्हींचा आकडा ती वहीत लिहायची. चार टक्क्यांहून जास्त फरक आला की आधी वात बघायची, मग डब्यातला सेल. हे तिचं तिने ठरवलं होतं. मला ते सुचलं नव्हतं, आणि सुचलं नव्हतं याचाही मला राग आला.

मागच्या हिवाळ्यात साहेबांनी आंबेगावकडच्या वीस-पंचवीस बायकांना आमच्याकडे रेशीम दाखवायला आणलं. दोन्ही शेड रिकाम्या होत्या, त्यामुळे सगळ्या आत आल्या. बोलायला साहेबांनी जावेला सांगितलं. मला नाही. मी मागे, पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. तिने काचेची पाटी दाखवली, वात दाखवली, मीटर दाखवलं. एकीने विचारलं, मीटर दारात का नको? आता ती माझं सांगणार, असं मला वाटलं. चांगलं किंवा वाईट, पण माझं.

ती म्हणाली, "मी दारात लावलं व्हतं. एक बॅच गेली. तुमी मधे लावा." आणि पुढे चुना किती टाकायचा ते सांगायला लागली.

एवढंच. माझ्यावर आळ नाही, माझे उपकार नाहीत. तिच्या लेखी ती गोष्ट संपली होती. मी मात्र टाकीला टेकून उभी होते, आणि इतकं सहज सगळं सोडून देता येणाऱ्या त्या बाईचा मला तेव्हाही हेवा वाटत होता. बायका एकेक करून मीटर हातात घेऊन बघत होत्या. एकजण माझ्याकडे आली आणि विचारलं, तुमीबी करता का रेशीम? मी म्हणाले, करते. पहिली बॅच गावात कुणी आणली, ते या वेळी मी सांगितलं नाही.